वांग्याची गाय

उपासना गजघाटेला अमेरिकेतल्या श्रूजबरीत सगळे ‘जपानवाली’ म्हणत. पाठीमागे नाही, चांगलं तोंडावर. तिलाही त्याचं काही वाटत नसे. मराठी मंडळाच्या संक्रांतीला कोणी नवीन माणूस भेटला आणि ‘तुम्ही काय करता?’ असं त्याने विचारलं, की डिपेन्डन्ट व्हिसावर आलेल्या बाकीच्या बायका ‘सध्या घरीच’ असं पुटपुटून तिळगुळाकडे वळायच्या. ही मात्र मान ताठ ठेवून सांगायची, “मी जपानी कादंबरी मराठीत आणतेय.” ऐकणाऱ्याला वाटावं, दारात ट्रक उभा आहे आणि ही एकटी माल उतरवून घेतेय.

आता कोणी म्हणेल, नागपूरच्या पोरीला जपानी कुठून येणार? अहो, न यायला काय झालं! तिच्या वस्तीतल्या विहारात जपानहून माणसं यायची, राहायची, जायची. ती कॉलेजात असताना ओगावाबाई नावाच्या एक निवृत्त शिक्षिका आल्या त्या चांगल्या काही वर्षं मुक्काम ठोकून राहिल्या. फुकट जपानी शिकवते म्हणाल्या. पहिल्या आठवड्यात विहारात बसायला जागा नव्हती, दिवाळीपर्यंत निम्मी मंडळी गळली आणि वर्षाअखेरीला एकटी उपासना उरली. तिलाही सोडायचंच होतं. पण तिचे वडील भानुदास रेल्वेत गार्ड होते, आणि निघालेली गाडी मध्येच सोडून देणं त्यांना ठाऊक नव्हतं. “सुरू केलंस ना? मग आता पुरं कर,” एवढंच ते म्हणाले. तिने केलं. ओगावाबाई मायदेशी परतताना पुस्तकांचं एक खोकं तिच्या हवाली करून गेल्या. सायोको तोबिताची ‘काळ्या पिंपांचं घर’ ही कादंबरी त्याच खोक्यात होती.

लग्न होऊन २००१ साली उपासना अमेरिकेत आली तेव्हा सामानात कुकर होता, तिखट होतं आणि ते खोकं होतं. नवरा अनुप सॉफ्टवेअरमध्ये. स्वभावाने गरीब गाय. नोकरी करायची परवानगी तिच्या व्हिसावर नव्हती आणि रिकामं बसायची सवय तिला नव्हती. पहिल्याच हिवाळ्यात बर्फाने दार अडवलं, तेव्हा तिने खोकं उघडलं.

सायोको तोबिताबद्दल ती अशी बोलायची, की शेजारच्या आळीतली मावसबहीणच वाटावी. समुद्राकाठचं लहान गाव. घरचा सोया सॉसचा कारखाना, त्यात माणसाहून उंच लाकडी पिंपं. थोरला भाऊ कारखाना चालवणार हे तो पाळण्यात असतानाच ठरलेलं. तो शिकून अमेरिकेला गेला आणि तिकडचाच झाला. मागे उरली सायोको, म्हातारी आई आणि पिंपं. सकाळी ती पिंपं ढवळायची आणि दुपारी दुकानात बसून लिहायची. गिऱ्हाईक आलं की वाक्य अर्ध्यात सोडायची, गेलं की पुरं करायची. “म्हणून तिची वाक्यं अशी दम खात चालतात,” असं उपासनाचं ठाम मत होतं. आई गेली, कारखाना बंद पडला आणि बाईंनी त्या सगळ्यावर ही कादंबरी लिहिली. जपानात तिचं मोठं नाव झालं. पुढे ती इंग्रजीतही आली आणि अमेरिकेतले समीक्षक त्या पिंपांमध्ये काय काय शोधू लागले. उपासनाला त्यांचा राग यायचा. “पिंपात सोया सॉस आहे, दुसरं काय असणार!” ती म्हणायची.

कामाची पद्धतही तिने नागपूरहूनच आणली होती. पावसाळ्यात वर्षावासाचे तीन महिने विहारात ग्रंथवाचन चालतं. एकाने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, आणि जिथे कळलं नाही तिथे बेधडक थांबवून विचारायचं. उपासनाने तेच आपल्या बेसमेंटमध्ये सुरू केलं. दर शनिवारी दुपारी चार-पाच जणी जमायच्या. त्यात पुण्याची उल्का होती. ती एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्ट करायची आणि सवयीने पात्रांमध्येही बग शोधायची. सोलापूरच्या राधामावशी होत्या. मुलाकडे सहा महिने आल्या की घरात करमत नाही म्हणून इथे यायच्या. कोणी मटार सोलायचं, कोणी मेथी निवडायचं. उपासना वाचता वाचता एक डोळा त्यांच्या हातांवर ठेवायची. हात चालू आहेत, ठीक. कोणी जांभई दिली, की पेन्सिलीची खूण आणि सोमवारी ते पान नव्याने. पण वाचता वाचता सगळ्यांचे हात थांबले, तर ते वाक्य ती पुन्हा कधी बदलायची नाही. अनुप म्हणायचा, “यार, माझं कोड रिव्ह्यू करायलाही एवढी माणसं येत नाहीत.”

एकच प्रकरण तिने त्या बायकांना वाचून दाखवलं नाही. अकरावं. दहावं संपल्यावर पुढच्या शनिवारी तिने सरळ बारावं काढलं. उल्काने लगेच पकडलं, “ए, थांब. मागच्या वेळी आई जिवंत होती. आज एकदम तिचा फोटो भिंतीवर? मधलं काय गाळलंस?” उपासनाने घसा बसलाय असं काहीतरी थातुरमातुर सांगून वेळ मारून नेली.

घसा बसला नव्हता. २००४ साली भानुदास गेले. ग्रीन कार्डाचा अर्ज तेव्हा मध्येच अडकून पडला होता. देश सोडला तर परत येता येईल असं सांगणारा कागद हातात नव्हता. वकील म्हणाला, थांबा. ती थांबली. पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे गेलेल्या माणसाच्या स्मरणार्थ वंदना होते त्या दिवशी भावाने विहारात लाउडस्पीकरपाशी फोन धरला आणि इकडे तिने स्वयंपाकघरात उभ्याने बुद्धवंदना ऐकली. त्याच हिवाळ्यात अकराव्या प्रकरणाचं काम निघालं. त्यात आई गेल्यानंतरचा पहिला ओबोन येतो, म्हणजे गेलेली माणसं काही दिवस घरी येतात असं मानतात तो जपानी सण. ते प्रकरण तिने एका बैठकीत उतरवलं आणि कधी नव्हे ते ढसाढसा रडली.

पुढे दोन वर्षांनी सबंध हस्तलिखित पुण्याला प्रकाशकांकडे गेलं. चंद्रशेखर नावाचे हे गृहस्थ मोठे उत्साही. त्यांचा फोन आला.

“उपासनाताई, काम झकास झालंय. पण हे अकरावं प्रकरण कुठून आणलंत?”

“जपानहून. आणखी कुठून आणणार?”

“इंग्रजीत नाहीये हो ते! मी शेजारी ठेवून वाचलं. आणि काकडीचा घोडा काय, वांग्याची गाय काय, गेलेल्यांसाठी भात वाढून ठेवणं काय... हा तर आपला पितृपंधरवडा झाला. वाचकाला जवळचं वाटावं म्हणून घातलंत ना? हेतू चांगला आहे, पण असं पदरचं घालायचं नसतं.”

घ्या! म्हणजे आरोप करायचा तो कोणावर? जिच्या आजोबांनी दीक्षाभूमीवर धम्मदीक्षा घेतली त्या दिवसापासून जिच्या घरात श्राद्ध नाही, पिंड नाही, पितर नाहीत, तिच्यावर! उपासना भडकली की तिच्या तोंडून नागपूर बाहेर पडायचं. “काहून जी, माझ्या घरी कधी कोणी पितर जेवू घातले नाहीत, तर मी जपान्यांच्या घरी काहून घालू? वांग्याची गाय त्यांचीच आहे. घोड्यावरून लवकर या आणि गाईवरून सावकाश परत जा, असं ते म्हणतात. मूळ पुस्तक माझ्याकडे आहे, पानं पाठवते, दाखवा कोणा जपानी येणाऱ्याला!”

पानं गेली, पुण्यातल्या जाणकाराने पाहिली, चंद्रशेखरांनी मनापासून माफी मागितली. पण गाठ सुटली नाही, आणखी आवळली गेली. तोबिताबाईंचा न्यूयॉर्कमधला एजंट म्हणाला, ओगावाबाईंनी दिलेली ती पहिली आवृत्ती. पुढच्या आवृत्त्यांमधून लेखिकेनेच हे प्रकरण काढून टाकलं आहे आणि भाषांतराला मान्यता आहे ती त्या नंतरच्या पाठाला. आता एक तर प्रकरण वगळा, नाही तर लेखिकेची परवानगी आणा.

“सोड ना,” अनुप जेवताना म्हणाला. “एका चॅप्टरने काय होतंय? संक्रांतीला बुक हातात येईल.”

उपासनाने पोळी ताटात ठेवली. “अनुप, बाबांना मी शेवटचं पाहिलं नाही. जे काय भेटले ते त्या प्रकरणात भेटले. ते काढून मी पुस्तकावर माझं नाव घालणार नाही.” अनुपने पुन्हा तो विषय काढला नाही. उलट दोनच आठवड्यांनी त्यानेच कुठूनशी बातमी आणली, की तोबिताबाई या सत्रात पाहुण्या लेखिका म्हणून आपल्यापासून तासाभराच्या अंतरावरच्या एका कॉलेजात येऊन राहिल्या आहेत आणि गुरुवारी त्यांचं वाचन आहे.

ती एकटी ड्राइव्ह करत गेली. बाई लहानखुऱ्या, पासष्टीच्या आसपास, केस अगदी बारीक कापलेले. वाचन झाल्यावर मुलांनी पिंपांच्या प्रतीकाबद्दल विचारलं, बाई दुभाष्यामार्फत नम्रपणे काहीबाही सांगत राहिल्या. मग सह्यांची रांग लागली. उपासनाने आपली जुनी प्रत पुढे केली तेव्हा बाईंचं पेन हवेतच राहिलं.

“ही कुठे मिळाली?”

“नागपूरला, सेन्सेइ.” शिक्षकांना, लेखकांना जपानीत आदराने असंच म्हणतात.

नागपूर कुठे आहे हे बाईंना माहीत नव्हतं. पण समोरची सावळी, उंच बाई आपल्याच भाषेत घडाघडा बोलते आहे हे पाहून त्यांनी तिला शेजारच्या खुर्चीवर बसवून घेतलं. उपासनाने आडपडदा न ठेवता काय हवं ते सांगितलं. बाई शेवटपर्यंत ऐकत होत्या. मग त्यांनी पुस्तक मिटून परत दिलं.

“नाही. ते प्रकरण चिडलेल्या बाईने लिहिलंय. माझ्या भावाने ते वाचलं आणि त्यानंतर त्याने मला पत्र लिहिलं नाही, फोन केला नाही. ते कोणत्याच भाषेत यायला नको.”

दुसरी कोणी असती तर ‘बरं’ म्हणून उठली असती. पण उपासना गजघाटे हरायला आली नव्हती. ती म्हणाली, “सेन्सेइ, तुम्ही ते लिहिलंत, पण ते चुकीचं वाचताय.”

बाईंनी भुवया वर केल्या. इतकं उद्धट जपानी त्यांच्याशी अलीकडे कोणी बोललं नसावं.

“शनिवारी माझ्या घरी या. मी ते प्रकरण माझ्या मैत्रिणींना वाचून दाखवते. त्यांनीही अजून ऐकलेलं नाही. त्यानंतरही नाही म्हणालात तर माझ्या हाताने ती पानं काढून टाकीन.”

“मला तुमची भाषा कळत नाही.”

“भाषा नका ऐकू. बायका बघा. आणि जेवायलाच या.”

बाई पहिल्यांदा हसल्या. “दोन महिने झाले, इथे सगळे मला कॉफीला बोलावतात. जेवायला कोणी बोलावलं नव्हतं,” त्या म्हणाल्या. आणि आल्या की खरंच!

त्या शनिवारी अनुप त्यांना गाडीतून घेऊन आला. पाटवडीचा रस्सा बाईंनी घाम पुसत पुसत खाल्ला आणि पुन्हा मागून घेतला. पण खरी गंमत पुढेच. बेसमेंटमधल्या बायकांना लेखिका प्रत्यक्ष सापडली होती, त्या कसल्या सोडतात! पिंपांचं प्रतीक गेलं खड्ड्यात, त्यांना कादंबरीतल्या माणसांची खबर हवी होती. उल्काने पहिलाच बॉल टाकला, “यांना विचार, त्या मामीने पत्र जाळलं ते मुद्दाम की चुकून? मला वाटतं मुद्दाम.” राधामावशी म्हणाल्या, “आणि त्या धाकटीचं लग्न का मोडलं? पोरगी चांगली होती हो.” उपासना दोन्हीकडून भाषा फिरवत होती. बाई आधी चकित झाल्या, मग पाय वर घेऊन बसल्या आणि शेजारच्या घरातल्या भानगडी सांगाव्यात तशा सांगायला लागल्या. मामीने पत्र मुद्दामच जाळलं होतं. उल्का म्हणाली, “बघा!”

मग उपासनाने अकरावं प्रकरण काढलं.

आपला आवाज फुटेल अशी तिला भीती होती, पण तो फुटला नाही. भानुदास गार्डची लेक होती ती. हिरवा झेंडा दाखवल्यावर थांबायचं कशाला? ती वाचत गेली. उन्हाळ्याची संध्याकाळ आहे. रिकाम्या घरात बहीण एकटी बसली आहे. काकडीला चार काड्या टोचून तिने घोडा केला, आई लवकर यावी म्हणून. आईला घर दिसावं म्हणून दारात काड्यांचा लहानसा जाळ केला. मग वांगं घेतलं. आईला परत जाताना घाई होऊ नये म्हणून गाय. वांग्याला पहिली काडी टोचते आहे तोच घरातला फोन वाजायला लागतो. या वेळी, या नंबरवर, समुद्रापलीकडून एकच माणूस फोन करतो. आईच्या अंत्यविधीला न आलेला. बहीण उठत नाही. दुसरी काडी टोचते. फोन वाजत राहतो. बंद होतो. पुन्हा वाजतो. ती तिसरी काडी टोचते.

उपासनाने नजर वर केली. मटार सोलणारे हात थांबले होते. मेथी निवडणारे थांबले होते. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. त्या खोलीतल्या एकेकीचं कोणी ना कोणी या इतक्या वर्षांत तिकडे भारतात वारलं होतं. कोणाला व्हिसामुळे जाता आलं नाही, कोणाला तान्ह्या मुलामुळे, कोणी विमानात असतानाच सगळं आटोपलं होतं. तोबिताबाई त्या हातांकडे बघत होत्या.

“का नाही उचलला?” उल्का एकदम बोलली. डोळे भरले होते तिचे आणि आवाजात राग होता. “विचार त्यांना, का नाही उचलला फोन?”

उपासनाने विचारलं. बाई म्हणाल्या, “मी चिडले होते. सगळं मी केलं. तो आला नाही. त्याचे कागद अडकले होते म्हणे. मला ते बहाणे वाटले.”

हे उपासनाने मराठीत सांगितलं. ‘कागद अडकले’ म्हणजे काय हे त्या खोलीत कोणाला समजावून सांगायची गरज नव्हती.

राधामावशींनी मांडीवरचं सूप बाजूला ठेवलं. त्या मैत्रिणींमध्ये मायदेशी मागे राहिलेल्यांपैकी त्या एकट्याच होत्या. ज्यांना फोन येतात त्यांच्यातल्या. त्या सरळ बाईंकडे बघून मराठीतच म्हणाल्या, “अगं बाई, तो तुला फोन करत नव्हता. इतकी वर्षं त्याच्या फोनला आईच धावायची ना? आई आज घरी येणार हे त्यालाही ठाऊक होतं. त्याला वाटलं असेल, एकदा तरी आईच उचलेल.”

उपासनाला हे जपानीत सांगताना दोनदा थांबावं लागलं. वडील गेल्यावर तिनेही घरचा नंबर लावला होता. कितीदा, ते अनुपलाही माहीत नव्हतं.

बाईंनी वर घेतलेले पाय खाली सोडले. मग म्हणाल्या, “जपानात ज्यांनी ज्यांनी हे वाचलं ते सगळे माझ्या बाजूचे होते. या खोलीत माझ्या बाजूचं कोणीच नाही.”

“नाही, सेन्सेइ,” उपासना म्हणाली. खोटं बोलायचा तिचा स्वभाव नव्हता.

“मग राहू द्या ते प्रकरण,” बाई म्हणाल्या. “जसं आहे तसं. तिला फोन उचलायला लावू नका.”

उल्काने उठून त्यांना मिठीच मारली. बाईंना सवय नव्हती, त्या खांबासारख्या उभ्या राहिल्या, पण दूर झाल्या नाहीत. त्यांनी तिथेच पेन मागून एजंटच्या नावे दोन ओळी लिहून दिल्या. अनुपने त्या लगेच स्कॅन केल्या, न जाणो बाईंचा विचार बदलला तर!

परत सोडायला उपासना गेली. नोव्हेंबरचा दिवस, पाच वाजताच अंधारून आलं होतं आणि भुरभुर बर्फ सुरू झाला होता. अर्धा रस्ता झाल्यावर बाईंनी विचारलं, “सिअ‍ॅटलला आता किती वाजले असतील?”

“तीन तास मागे. दुपारचे दोन.”

“शनिवारी दुपारी तो घरी असतो,” बाई म्हणाल्या. थोड्या वेळाने, “म्हणजे, असायचा.”

पहिलं गॅस स्टेशन दिसलं तिथे उपासनाने गाडी आत घेतली, कडेला लावली आणि मोबाइल त्यांच्या हातात दिला. नंबर कुठे लिहिलेला बघावा लागला नाही. त्यांचं बोट न अडखळता बटणांवरून फिरत गेलं. हीटर चालू ठेवून उपासना खाली उतरली आणि दार लावून घेतलं. काचेतून दिसलं, बाईंनी फोन दोन्ही हातांनी कानाशी धरला आहे आणि त्या ओठ मिटून वाट बघताहेत. मग त्यांचे ओठ हलले.

उपासनाने गाडीकडे पाठ केली. कानटोपी घरीच राहिली होती आणि बर्फ कानात शिरत होता, पण आत जायची तिला काही घाई नव्हती.